पाव्हण्याचा उजवा पाय

आठवणी लिहाव्यात असं माझ्या हातून काही घडलेलं नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या वाडीत माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे शिकलं नव्हतं, म्हणून 'तूच लिही' असं घरचे म्हणतात. पण जो पहिला शिकला त्याला लिहिताही येतं, असं थोडंच आहे? पाच ओळी झाल्या की मला अजून वाटतं, कुणीतरी मागे येऊन उभं राहील आणि विचारेल, तुला कोणी सांगितलं होतं हे? मी एक्स-रे काढणारा माणूस. आत जे आहे ते नीट दिसेल असं दाखवायचं आणि अर्थ डॉक्टरांवर सोडायचा, एवढंच मला येतं. हे प्रकरणही तसंच लिहीन म्हणतो. कुठे धूसर आलं तर सांभाळून घ्यावं.

आमची वाडी पोलादपूरच्या वर डोंगरात. पहाटे उठून पायवाटेने खाली उतरायचं, स्टँडवर एसटी धरायची आणि महाडला जायचं. तिथे खालच्या मजल्यावर हायस्कूल आणि वर अकरावी-बारावी. दहावीपर्यंत सगळं मराठीतून शिकलो होतो. अकरावी सायन्सच्या पहिल्याच दिवशी माणसाचं अख्खं शरीर इंग्रजीत गेलं. कालपर्यंत मला मांडी होती, नडगी होती, बरगड्या होत्या. आता त्या जागी फीमर, टिबिया आणि रिब्ज आल्या. पहिले काही महिने मला मनापासून वाटायचं, की ही शहरातल्या माणसांची हाडं असणार, आपल्यात असतीलच असं नाही. वर्गात विचारायची हिंमत नव्हती. दुपारी चवदार तळ्याजवळच्या कट्ट्यावर बसून नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी खाताना मी चोरून स्वतःच्या बरगड्या मोजायचो. दर वेळी आकडा वेगळा यायचा.

घरी मी चुलीपुढे बसून पाठ करायचो. आई भाकरी थापायची, चुलीवर कुळथाचं पिठलं रटरटायचं आणि मी डोळे मिटून सुरू असायचो : फीमर, टिबिया, फिब्युला, टार्सल्स, मेटाटार्सल्स. आठवडाभर ऐकून घेतल्यावर एकदा आईने विचारलं, "कोन रे ह्या? तुझ्या वर्गातल्या?"

"हाडं हायत आई."

"कसली?"

"पायाची."

"मंग पायाची म्हन ना. एवढी नावं कशाला? एवढी तर गावच्या पोरींना पन नायत."

पचनसंस्था आली तेव्हा तर फारच अवघड झालं. आकृती लक्षात राहावी म्हणून मी पडवीच्या भिंतीवर कोळशाने जठर, लहान आतडं, मोठं आतडं असं सगळं मोठ्ठं काढून ठेवलं. आई म्हणाली, जेवताना तिकडे पाठ करून बसायचं. टपाल घेऊन आलेले पोस्टमनकाका त्या चित्रापुढे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "आंबेनळीचा घाट लय बेस काढलायस. वळनं सगळी बरोबर हायत." मी त्यांना खरं सांगितलं नाही. माणूस इतक्या वर चढून आलेला, त्याला आतडं कशाला दाखवा?

एवढं करूनही अकरावीला मी जीवशास्त्रात नापास झालो. पुढे ढकलला गेलो, पण बाबा मुंबईहून शिमग्याला आले होते तसेच मेमध्ये पुन्हा आले. दादरला कुठल्याशा गोदामात एक जागा होती. "चल म्हनतो मी," ते म्हणाले, "फुकट पाय झिजवतोस." माझ्या वतीने बोलले ते आमचे जीवशास्त्राचे खोपकर सर. उन्हाळ्यात, डोक्याला टॉवेल गुंडाळून, ते एकटे चालत आमच्या वाडीवर आले. पडवीत बसून तांब्याभर पाणी प्यायले आणि बाबांना म्हणाले, "मला एक वर्ष द्या. मुलाला येतं, फक्त तोंडातून निघत नाही. बारावीला जीवशास्त्रात अडला, तर मी स्वतः त्याला मुंबईच्या गाडीत बसवून देईन." मग भिंतीकडे पाहून म्हणाले, "अपेंडिक्स डावीकडे काढलंयस. उजवीकडे असतं." बाबा हसले आणि मी एक वर्ष वाचलो. त्या वर्षाच्या शेवटी एक प्रॅक्टिकल होतं, बाहेरून येणारा परीक्षक होता, आणि मध्ये सरांचा शब्द होता.

सरांच्या प्रयोगशाळेत एक सांगाडा होता. प्लास्टिकचा, पिवळट, लोखंडी दांड्याला लटकवलेला. शिपाई शांतारामकाका त्याला पाव्हणा म्हणत, कारण तो मुंबईच्या दुकानातून खोक्यात बसून आला होता आणि मग गेलाच नाही. पाव्हण्याचा उजवा गुडघा जरा विचित्र दिसायचा, वाटी पाठीकडे गेल्यासारखी. सर म्हणायचे, वायर सैल झाली आहे. कित्येक बॅचेस ती वायर सैलच होती. प्रत्येक हाडावर सरांनी पूर्वी कधीतरी लाल रंगाने आर किंवा एल लिहून ठेवलं होतं, आणि बारावीच्या मुलांसाठी एक पद्धत पाडली होती : शनिवारी एकेकाने एक हाड घरी न्यायचं, आठवडाभर हाताळायचं आणि पुढच्या शनिवारी दुसऱ्याला द्यायचं. वहीत सही करावी लागे. माझ्या वाट्याला उजवी फीमर आली. म्हणजे मांडीचं हाड, शरीरातलं सगळ्यात मोठं. ज्याला कानातलं मिळालं तो खिशात टाकून मोकळा झाला.

मी ते वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातलं, पण त्याच्या टोकाचा गोळा बाहेर राहिलाच. एसटीत कंडक्टर तिकिटं देत आला, थांबला आणि त्याने पिशवीकडे बोट केलं. "काय हाय?"

"मांडी," मी म्हणालो. त्या वयात मला खरं तेवढंच सुचायचं.

शेजारच्या बाई उठून पुढच्या सीटवर गेल्या. कंडक्टरने माझा पास पाहिला, पुन्हा गोळा पाहिला आणि म्हणाला, "पास एकाचाच हाय. मांडीवर घे तिला." अख्खी गाडी हसली आणि मी ती पोलादपूरपर्यंत मांडीवर घेऊन बसलो.

आता आत्याबद्दल सांगायला हवं. बायजाआत्या ही बाबांची थोरली बहीण, आमच्या शेजारच्याच घरात एकटी राहायची. ती हाडं बसवायची. निखळलेलं कोपर, लचकलेला घोटा, झाडावरून पडलेल्याचा खांदा, सगळं तिच्याकडे यायचं. हाड बाहेर दिसत असेल किंवा बोटं काळीनिळी पडली असतील तर ती हात लावत नसे. "एसटी धरा, महाडला जावा," एवढंच म्हणायची. तिची रीत ठरलेली. फक्त रविवारी आणि बुधवारी. आधी चांगला हात किंवा पाय पुढे करायचा, त्यावर ती फडकं टाकायची, डोळे मिटायची आणि फडक्याखालून चाचपायची. मग दुखऱ्याकडे वळायची. "चांगला कसा हाय ते कळल्याबिगर वाईट कुठं मोडलाय ते काय कळनार?" असं ती म्हणायची. पैसे घेत नसे, तेल मात्र आणावं लागे.

मी हाड घेऊन थेट तिच्याकडे गेलो. मला वाटलं, तिला गंमत वाटेल. तिने पाहिलं आणि हात पाठीमागे घेतले. "आज शनवार."

"आत्या, प्लास्टिकचं हाय."

"हाड असंल प्लास्टिकचं. वार थोडाच प्लास्टिकचा हाय?"

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी फीमर घेऊन तिच्या अंगणात नंबर लावून बसलो. माझ्या पुढे मनगट धरून बसलेला एक माणूस होता, मान वाकडी झालेल्या एक बाई होत्या आणि कोपर निखळलेलं एक पोरगं होतं, ते रडायचं थांबून माझ्या मांडीवरच्या मांडीकडे बघत होतं. बाईंना मान वळवता येत नव्हती, म्हणून त्या अख्ख्याच वळल्या.

"कोनाचा रे हा?"

"कॉलेजचा."

"काय झालेलं त्याला?"

"काय नाय हो काकू, प्लास्टिकचा हाय."

"तरी पन," त्या हळहळल्या, "येवढ्या तरुनपनी."

माझा नंबर आला. आत्याने हाड हातात घेतलं, वास घेतला आणि नाक मुरडलं. मग विचारलं, "दुसरा कुठाय?"

"दुसरा दुसऱ्या पोराकडे हाय."

"मंग तू नीज."

मला चटईवर आडवं करून तिने माझ्या उजव्या मांडीवर फडकं टाकलं आणि डोळे मिटले. कमरेच्या खोबणीपासून गुडघ्यापर्यंत तिचे अंगठे हळूहळू उतरले. मग तसंच डोळे मिटून तिने ते हाड फडक्याखाली घेतलं, तेल लावलं आणि चाचपलं. उलटं केलं, पुन्हा चाचपलं. मग माझी डावी मांडी चाचपली. डोळे उघडले आणि म्हणाली, "हा डावा हाय."

"उजवा हाय आत्या. हे बघ, आर लिवलंय."

"कोनी लिवलं?"

"सरांनी."

"सरांनी हात लावून लिवलंय का बघून?"

तिने हाड माझ्या हातात दिलं आणि माझे डोळे स्वतःच्या तळहाताने झाकले. "गोळा आत बसायला पायजे. हाय? मंग बाक पुढं यायला पायजे, गुडघ्याची खाच मागं. आता ह्याला उजवीकडं लाव. गोळा आत घेतलास तर बाक मागं जातो. बाक पुढं घेतलास तर गोळा भायेर." मी अंधारात लावून पाहिलं. चार वेळा पाहिलं. तिच्या तळहाताला तिळाच्या तेलाचा वास होता, आणि त्या वासात मला पहिल्यांदा हाड समजलं. नाव नव्हे, हाड. मी आज नोकरीत हजारो मांड्या पाहतो, फिल्मवर आर किंवा एलची खूण ठेवण्याआधी रोग्याला दोनदा विचारतो आणि मग एकदा हात लावून पाहतो. नवीन मुलं हसतात. हसोत.

"म्हंजे पाव्हन्याला दोन्ही डावेच दिलेत," आत्या पुढच्या माणसाचा घोटा ओढता ओढता म्हणाली. "शिवथरच्या घळीत तुझ्या बापाची चप्पल बदलली तसंच. तो दोन डाव्या घालून आला घरी. आता दुसरा कोनीतरी दोन उजव्यांचा हिंडत असंल. शोधायला पायजे."

पुढच्या शनिवारी मी दोन्ही फीमर टेबलावर शेजारी ठेवल्या. जुळ्या होत्या. सरांनी आधी विचारलं, ह्याला तेल कसलं लागलंय. मग मी सांगितलं. त्यांनी हाडं उचलली, पुस्तक उघडलं, मिटलं, पाव्हण्याकडे गेले, त्याचा उलटा गुडघा हातात धरून बराच वेळ उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले होते. मला फार वाईट वाटलं. ज्यांनी माझं अपेंडिक्स उजवीकडे नेलं, त्यांच्यासमोर मी हे आणून ठेवलं होतं.

"पुसून टाकूया का सर?" मी विचारलं.

"पुसलं तर दोन डाव्या होतील," ते हळूच म्हणाले. "मग उजवी कुठाय म्हणून विचारतील. प्रॅक्टिकलच्या सामानाची यादी वर गेली आहे." थोड्या वेळाने ते माझ्या जवळ आले. "वसंता, हे बघ. परीक्षक येतात, लेबल बघतात, मार्क देतात. तुला हेच हाड आलं तर उजवी म्हण. तुझं वर्ष महत्त्वाचं आहे. तुझी बारावी होऊ दे, मग मी स्वतः सगळ्यांना सांगतो."

मी मान हलवली. घरी आल्यावर आत्याला काहीच सांगितलं नाही. ती मात्र दर रविवारी विचारायची, "काय म्हनला मास्तर? पटलं ना?" आणि मी म्हणायचो, अभ्यास खूप आहे.

प्रॅक्टिकलच्या दिवशी मला तेच हाड आलं. तशी सोय कुणी मुद्दाम केली नव्हती. ट्रेमध्ये चिठ्ठी असायची, मी उचलली आणि निघाली. परीक्षक घाटावरच्या एका कॉलेजातून आले होते. सफारी घातलेले, धिप्पाड, आवाज वर्गाबाहेर जाईल असा. सर त्यांच्या शेजारी उभे होते.

"ओळख."

"फीमर, सर."

"बाजू?"

मी सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर पाहत होते. खरं सांगतो, मी 'उजवी' म्हणणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण सवयीने हाडाला हात लावला, डोळे आपोआप मिटले आणि तो गोळा जिथे बसायचा तिथेच बसला.

"सर, लिहिलेली उजवी आहे."

"लिहिलेलं मलाही दिसतं. आहे कुठली?"

"डावी."

मी गोळा, बाक आणि खाच असं सगळं सांगितलं, अर्धं इंग्रजीत, अर्धं आत्याच्या भाषेत.

"कुठल्या पुस्तकात आहे हे?"

"पुस्तकात असेलच सर. मला आत्याने सांगितलं."

"डॉक्टर आहेत?"

"नाही सर. अंगठा लावते."

परीक्षक उठले. त्यांनी हाड घेतलं आणि स्वतःच्या सफारीच्या पँटीवर उजव्या बाजूला लावलं. गोळा बाहेर आला. फिरवलं. बाक मागे गेला. मग एक पाय पुढे टाकून, थोडे वाकून, पुन्हा लावलं. मुली वहीआड हसायला लागल्या. दारातून शांतारामकाका म्हणाले, "सायेब, पाव्हन्यांना आनू का?" आणि उत्तराची वाट न पाहता सांगाडा ढकलत घेऊनच आले. परीक्षकांनी हाड हुकाला अडकवलं. गुडघा सवयीने मागे फिरला.

"इतकी वर्षं हा असाच उभा आहे?" त्यांनी विचारलं.

"उभा कसला सायेब," शांतारामकाका म्हणाले, "लटकलेलाच हाय."

तेव्हा सर खिडकीपासून पुढे आले. "लेबल माझं आहे सर," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच होता. "चूक माझी आहे. मुलाला ठाऊक होतं. मीच त्याला उजवी म्हण म्हणून सांगितलं होतं."

परीक्षक त्यांच्याकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे, मग पुन्हा पाव्हण्याच्या गुडघ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता की आणखी काही, हे मला तेव्हा कळलं नाही. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं, हाताने झाकलं आणि म्हणाले, "नेक्स्ट."

त्या दिवशी मी घरी जाऊन आईला सांगितलं, की बहुतेक मुंबईला जायला लागेल. तिने पिठलं जास्त वाढलं. आत्याने मात्र सगळी हकीकत नीट ऐकून घेतली. "साहेब काय म्हनला शेवटी?"

"काहीच नाय म्हणाला."

"मंग पटलं त्याला," ती म्हणाली. "नाय पटलं की मानूस बोलतो."

मी पास झालो. गुणपत्रिकेत लेखी आणि प्रॅक्टिकलचा आकडा एकत्रच असायचा, त्यामुळे त्या हाडाचं मला काय मिळालं ते कळलंच नाही. गोदामाची जागा दुसऱ्या कुणाला तरी गेली. मी एक्स-रेच्या कोर्सला लागलो आणि सरांनी आर पुसून तिथे एल लिहिला. पाव्हणा दोन डाव्या मांड्यांवर तसाच राहिला, कारण नवीन सांगाड्याचा अर्ज वर गेला तो वरच राहिला. पुढच्या मुलांना सर पहिल्याच तासाला विचारू लागले, ह्याच्यात काय चुकलंय ते शोधा. आत्याचं नाव सांगत असत, असं ऐकलं. मी मात्र अधूनमधून, कुणाच्या मोडलेल्या मांडीची फिल्म उजेडाला धरली, की विचार करायचो : त्या माणसाने कागदावर काय लिहिलं असेल?

गेल्या महिन्यात सरांचा फोन आला. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण आवाज तसाच. म्हणाले, महाडला एका लग्नात पंगतीला शेजारी एक धिप्पाड म्हातारे बसले होते, काठी टेकवून. दोघांनी एकमेकांना ओळखलं. भाताला सुरुवात झाली तरी ते गृहस्थ जेवेनात. शेवटी म्हणाले, खोपकर, एक सांगायचं राहून गेलंय. त्या मुलाला मी पूर्ण मार्क दिले होते. आणि त्याच संध्याकाळी घाट चढून परत गेलो, आमच्या कॉलेजची प्रयोगशाळा उघडायला लावली आणि आमच्या सांगाड्याला हात लावून पाहिला. दोन्ही उजव्या. त्याच दुकानाचं खोकं, त्याच वर्षी आलेलं. तुम्ही सगळ्यांसमोर चूक कबूल केलीत, मला मात्र आजपर्यंत जमलं नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, दोन्ही कॉलेजांना पत्रं दिली. शांतारामचा मुलगा आता शिपाई आहे, तो परवा आपली एक डावी घेऊन एसटीने गेला आणि त्यांची उजवी घेऊन आला. काल बसवली. गुडघा पुढे आला, वसंता." मग म्हणाले, "आणखी एक. त्या परीक्षकांचा स्वतःचा उजवा गुडघा फार दुखतो म्हणे. विचारत होते, आत्या अजून रविवारी-बुधवारीच बघतात का?"